चवथ होऊ दे, मग बघू

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. फोंडा तालुक्यात घर, पणजीत बँकेत अधिकारी. नवरा सरकारी खात्यात, मुलगी बारावीला, सासूबाईंना मधुमेह. पहाटे पाचला उठते. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजतो तोवर तिघांचे डबे भरून झालेले असतात आणि माझा चहा-उंडा ओट्याशी उभ्यानेच होतो. रात्री अकराच्या आत पाठ टेकत नाही. गेले सात-आठ महिने पाळीच्या दिवसांत अंगावरून फार जातं, जिना चढताना धाप लागते, दुपारी कामावर डोळे मिटतात. शिगम्याच्या सुमाराला डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. ती चिठ्ठी अजून पर्सच्या चेनच्या कप्प्यात आहे. आधी मार्च एंडिंग होतं, मग घरातली लग्नं, मग मुलीचे क्लास. आता म्हणते, गणपतीची चवथ होऊ दे. सासूबाईंची साखर मात्र दर तीन महिन्यांनी तपासून आणते, एकदाही चुकली नाही. नवरा चांगला आहे, म्हणतो, ‘तू सांग, मी करतो.’ नणंद म्हणते, पहाटे योगवर्गाला ये. माझी आई याहून जास्त करायची, तिला कधी थकलेलं पाहिलं नाही. मग मलाच का जमत नाही? शिस्त कमी पडते का? रजा टाकून महिनाभर घरी बसावं का? कधी कधी वाटतं, नोकरीच सोडावी.

उत्तर :

‘दर तीन महिन्यांनी, एकदाही चुकली नाही.’ तुमच्या पत्रातली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्या बाईला शिस्त नाही तिच्याकडून हे होत नाही. तुमच्याकडे शिस्त भरपूर आहे, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या कामी लागलेली आहे. म्हणून ‘शिस्त कमी पडते का’ हा तुमचा प्रश्न मी आत्ताच बाजूला ठेवते.

पण त्याआधी तातडीचं. मी डॉक्टर नाही आणि तुम्हाला काय झालंय हे मी सांगणार नाही. पण सात-आठ महिने रक्तस्राव जास्त, जिन्यावर धाप आणि दुपारची ग्लानी, ही तीन लक्षणं एकत्र असताना चवथीची वाट बघायची नसते. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के आणि गोव्यातल्या ३९ टक्के बायकांना तो आढळला. म्हणजे शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी म्हणवणाऱ्या आपल्या राज्यातही दहातल्या जवळपास चौघींना. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत थायरॉइड लिहिला असेलच. नसला तर तो आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, या दोन तपासण्यांबद्दल विचारा. कधी कधी हिमोग्लोबिन बरं दिसतं आणि साठा मात्र रिकामा होत आलेला असतो. चाळिशीत गर्भाशयात गाठी होणं, संप्रेरकं खाली-वर होणं हे नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘वयच ते, चालायचंच’ असं जी कुणी सांगेल तिचं ऐकू नका, मग ती कितीही मायेची असो. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीताच्या वाटेवर गेलं असं तुमची बँक धरते. तुमच्या पर्समधली ती चिठ्ठी त्या हिशोबाने केव्हाच थकीत झाली आहे. या आठवड्यात अर्धा दिवस रजा टाका. रजेच्या अर्जात कारण ‘वैद्यकीय’ असं लिहा, ‘घरगुती काम’ नको. तुमच्या साहेबांनाही कळू दे की तुम्हाला शरीर आहे. सोनोग्राफीचा नंबर लांबचा मिळाला तर रक्त तरी आधी देऊन या.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जिच्या हातून कुणाचंच काही चुकत नाही, तिचं स्वतःचंच तेवढं का चुकतं?

तुमच्या पत्राचा सूर ‘वेळ मिळत नाही’ असा आहे. वर्षानुवर्षं अशी पत्रं वाचून माझं मत असं झालंय की घरात आणि कचेरीत वेळ कुणालाच मिळत नसतो. एकाचा वेळ दुसऱ्याकडून येतो. तुमचा नवरा सकाळी पेपर वाचतो तो अर्धा तास तुमच्या पाच वाजताच्या गजरातून आलेला आहे. यात तो वाईट माणूस ठरत नाही. घराची घडीच तशी बसली आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने हेच मोजलं. घरकाम करणाऱ्यांतल्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. जवळजवळ साडेतीन तासांचा फरक. तुमचा डॉक्टर, तुमची झोप, तुमचं बसून जेवणं या साडेतीन तासांत कुठेतरी आहे. ते परत घ्यायचं तर कुणाची तरी थोडी गैरसोय होणार, आणि कुणाची गैरसोय करायची म्हटलं की तुमच्या-माझ्यासारख्या बायकांच्या घशात शब्द अडकतो. मग आपण आठवड्याचं वेळापत्रक नव्याने आखतो, पाणी प्यायची आठवण करणारं अॅप घेतो, गजर आणखी अर्धा तास अलीकडे ओढतो. त्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही ना!

म्हणूनच नणंदेचा योगवर्ग आत्ता नको. नणंद चांगल्या मनाने सांगते आहे, योगही चांगलाच. पण अकराला निजून पाचला उठणारी बाई साडेचारला उठली तर योगासाठीचा वेळ तिच्या झोपेतूनच जाणार. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, तुम्हाला सहाही मिळत नाहीत. आधी झोप, मग आसनं. ‘स्वतःसाठी काहीतरी करा’ हा सल्ला हल्ली जिकडेतिकडे मिळतो, आणि तो आधीच भरलेल्या पाटीवर आणखी एक वीट ठेवून मोकळा होतो. मी तुम्हाला काही करायला सांगणार नाही. दोन-तीन गोष्टी सोडायला सांगणार आहे, आणि ते जास्त कठीण आहे.

पहिली गोष्ट सासूबाईंची साखर.

‘तू सांग, मी करतो’ हे वाक्य जरा उलगडून बघा. साखर तपासायची तर उपाशीपोटी जायचं, म्हणून सकाळचा चहा त्यांना द्यायचा नाही. त्या रागावतात, म्हणून आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. रक्त दिल्यावर खायला सोबत काहीतरी न्यायचं, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा द्यायचं, तोवर त्यांना कुठे बसवायचं ते ठरवायचं. मागचा रिपोर्ट फाइलमधून काढून ठेवायचा. डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते माहीत असायचं. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी लक्षात यायचं. यातलं गाडी चालवणं तेवढं नवरा करील, तुम्ही सांगितल्यावर. बाकी सगळं तुमच्या डोक्यात चालू राहतं, पणजीच्या बसमध्ये, मीटिंगमध्ये, रात्री अंथरुणावर. मदत मिळूनही तुम्ही मोकळ्या होत नाही त्याचं कारण हे आहे.

तेव्हा काम अर्धंमुर्धं देऊ नका, मुळासकट द्या. गोळ्यांची यादी आणि वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवा, फाइल नवऱ्याच्या हातात द्या आणि सांगा : ‘आईची साखर, गोळ्या, डॉक्टरांच्या तारखा आजपासून तुझ्याकडे. काही अडलं तर डॉक्टरांना विचार, मला नको.’ हे रागात सांगायचं नाही, भांडण झाल्यावर तर मुळीच नाही. रविवारी जेवणं आटोपली की सांगा. आणि मग गप्प राहा. पहिल्या महिन्यात ते चाचणीला एक आठवडा उशिरा नेतील. सासूबाई म्हणतील, ‘तुझ्यासारखं त्याला जमत नाही गो.’ तेव्हा तुमच्या मनात जी बारीकशी सुखाची लहर येईल ना, तिच्याकडे नीट बघा. माझ्यावाचून अडतं, हे सुख खरं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याची किंमत सध्या तुमचं रक्त देऊन चुकती होते आहे. त्या सासूबाई ज्याच्या आई आहेत, त्यालाही आईची काळजी घेण्याची संधी मिळू दे. मला वाटतं, त्याला ती मनातून हवीही असेल. आजवर त्याला कुणी रिकामी जागाच ठेवली नाही.

मुलीचंही तेच. बारावी म्हणजे घरावर सुतक आल्यासारखं आपण वागतो. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचा डबा भरू शकते, आठवड्यातून दोनदा मऊ भाताची आटवल रांधू शकते, त्याने तिचे टक्के कमी होत नाहीत. उलट उद्या ती शिकायला बाहेर गेली तर याच गोष्टी तिच्या कामाला येतील. आणि ती रोज सकाळी ओट्याशी उभ्याने उंडा खाणारी आई बघते आहे. नोकरी करणाऱ्या बाईने कसं जगायचं असतं, ते ती तिथूनच शिकते.

तुमच्या आईबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावं लागेल. तुम्ही तिला थकलेलं पाहिलं नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मुलांना आई थकलेली दिसत नाही, कारण ती ते दिसू देत नाही. तुम्हीही मुलीला दिसू देत नसाल. आई असतील तर एकदा निवांत बसून त्यांना विचारा, ‘तुला तेव्हा काय वाटायचं?’ मला या सदरात साठी-सत्तरीच्या बायकांचीही पत्रं येतात. गुडघे, कंबर, हाडं सगळी गेल्यावर आलेली ती पत्रं असतात, आणि त्यांत ‘तेव्हा कुणी विचारलंच नाही’ हे वाक्य हमखास असतं. शिवाय तुमची आई वाड्यात राहिली असेल, तर तिथे जाऊ होती, काकी होती, आंघोळ घालून पोर सांभाळायला कुणीतरी होतं. ती लाखांच्या कर्जांच्या कागदांवर सह्या करून, दोन बस बदलून घरी येत नव्हती. तिचा दिवस आणि तुमचा दिवस एका तागडीत घालू नका.

आता चवथ. तुम्ही ‘चवथ होऊ दे’ म्हणता. पण चवथ झाली की ३० सप्टेंबरचं अर्धवार्षिक क्लोजिंग येतं, मग दिवाळी, मग जत्रा, मग मुलीची परीक्षा आणि तुमचा मार्च. आपल्याकडे वर्षाला रिकामा महिना नसतोच. त्यामुळे सण टळण्याची वाट न बघता सणालाच थोडं आवरा. नेवऱ्या, लाडू यंदा चवथीच्या बाजारातून आणा. महिला मंडळं आणि स्वयंसाहाय्य गट ते घरच्यासारखे करून विकतात, चार पैसे त्या बायकांनाही मिळतात. गणपतीवरची फळं-पानांची माटोळी दीर-भावोजी बांधतातच, त्यांनाच बाजारातून फळं-कंदमुळंही आणू द्या. जावेला आधीच सांगा की यंदा मी खतखतं करीन, बाकीचं वाटून घेऊ. मूळ घरातल्या मोठ्यांपैकी कुणीतरी नाक मुरडेल. मुरडू दे. एका वर्षी नेवऱ्या विकतच्या होत्या म्हणून गणपती रागावल्याचं मी ऐकलेलं नाही.

कचेरीबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण मला शंका आहे की तिथेही ‘ती करील’ असं तुमच्याबद्दल ठरून गेलं असावं. जी नाही म्हणत नाही तिच्याकडे काम वाहत जातं. दुसऱ्यांच्या रजेत त्यांचं टेबल तुम्ही सांभाळता का? तुमच्या रजेत तुमचं कोण सांभाळतं? याची उत्तरं स्वतःशीच कागदावर मांडा. मग पुढच्या वेळी जास्तीचं काम आलं की ‘करते’ म्हणायच्या आत विचारा, ‘आत्ता हातात आहे त्यातलं कोणतं बाजूला ठेवू?’ एवढा एकच प्रश्न. साहेबांना उत्तर देणं भाग पडतं, आणि नाही म्हणायचा वाईटपणा तुमच्याकडे येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तपासणीचे रिपोर्ट चांगले आले तर तुम्ही स्वतःला पुन्हा दोष द्याल. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपल्या गोव्यातल्या बायकांवरचा एक अभ्यास छापून आला होता. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांशी बोलून तो केला. सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा आहे असं सांगणाऱ्या बायका १२ टक्के निघाल्या. त्यांच्या थकव्याचा रक्तक्षयाशी संबंध सापडला नाही. तो सापडला तो मनावरचा ताण, पैशाची ओढाताण आणि बाई म्हणून घरात सोसावं लागणारं यांच्याशी. याचा अर्थ तुमचं रक्त तपासू नका असा नाही. अंगावरून एवढं जात असताना ते तपासायलाच हवं. पण रिपोर्ट नीट आले म्हणून थकवा खोटा ठरत नाही. सकाळी उठावंसं न वाटणं, कशातच गोडी न वाटणं, कारण नसताना रडू येणं यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तो मोफत आहे. बांबोळीला मनोविकारांसाठी सरकारी इस्पितळ आहे, आणि ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून गोव्यात याच कामात आहे. आपल्या आरोग्य केंद्रांत समुपदेशकांकरवी तिने नैराश्यावर केलेल्या उपचाराचं सूत्र मला फार पटतं : उमेद येईपर्यंत थांबू नका, ज्यात पूर्वी मन रमायचं ती एखादी छोटी गोष्ट आधी करायला घ्या, उमेद मागून येते. तुम्हाला पूर्वी कशात रमायला आवडायचं, हे पत्रात कुठेच नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं. बांबोळीच्या इस्पितळात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या परिचारिका, शाळेतल्या बाई, मडगावात स्वतःचं दुकान चालवणाऱ्या, वेर्ण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या, तुमच्यातल्या काहींना अर्धा दिवस रजाही पगार कापून मिळते. तुमची अडचण खरी आहे, त्यावर गोड बोलून पांघरूण घालणार नाही. पण ज्यांना जमेल त्यांनी तिशीनंतर स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात तिची सोय असते. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून एकाच दिवशी जा. एकटीची तारीख पुढे ढकलली जाते, तिघींची ढकलायला संकोच वाटतो. घरात करणारं दुसरं कुणीच नसेल, एकटीवर आई-वडील असतील, तर कामाला बाई ठेवण्यात कमीपणा मानू नका. आणि तिला पगारी रजा द्या, तिच्याही घरी पाच वाजताचा गजर आहे.

महिनाभर रजा टाकू का, असं तुम्ही विचारलंत. घराची घडी तशीच ठेवून टाकाल तर नको. तो महिना पडदे धुण्यात आणि कपाटं आवरण्यात जाईल, आणि सगळे म्हणतील, ‘घरीच तर आहेस.’ आधी साखरेची फाइल नवऱ्याच्या हातात जाऊ दे, डबे कोण भरतं ते ठरू दे, मग आठ दिवस टाका. तेवढे पुरतील.

आणि नोकरी. थकलेल्या शरीराने घेतलेला राजीनाम्याचा निर्णय तुमचा असणार नाही, थकव्याचा असेल. या वयात ही जागा, हा पगार, पुढचं निवृत्तिवेतन सोडलं की परत मिळत नाही, आणि घरात बसून वरची सगळी कामं तुमच्याकडेच राहिली तर तुमचं नेमकं काय सुटलं? दुसरीकडे, नोकरी खरोखरच नकोशी झाली असेल तर तोही तुमचा हक्क आहे, त्यासाठी आजारी पडायची गरज नाही. लोह कमी निघालं तर गोळ्या सुरू होतील. त्या चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह नीट अंगी लागत नाही. तासभराचं अंतर ठेवा आणि लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडू नका. साठा भरायला काही महिने लागतात, किती ते डॉक्टर सांगतील. पुरेशी झोप, बसून खाल्लेला नाश्ता आणि भरून आलेलं रक्त घेऊन जानेवारीत मला पुन्हा लिहा आणि नोकरीचा प्रश्न तेव्हा विचारा. तेव्हाही सोडावीशीच वाटत असेल, तर कशी सोडायची यावर आपण बोलू.